आडतीचा हिशोब भाड्याच्या सर्व्हरवर नेला त्याची गोष्ट

आमच्या दाजींची परभणीच्या मोंढ्यात आडत आहे आणि सीझनला मानवतला एक खरेदीचा काटा लागतो. हिशोबाचं सॉफ्टवेअर भाच्यानं बनवलेलं, तो बीसीए करायलाय, साधंच आहे पण पट्टी, हमाली, तोलाई, शेतकऱ्याची उचल सगळं त्यात बसतं. अडचण एवढीच की ते दुकानातल्या एका कॉम्प्युटरवर होतं. मानवतची मापं रात्री फोनवर सांगायची आणि मुनीमकाकांनी ती परत टाईप करायची, त्यात लाईट गेली आणि इन्व्हर्टर बसला की सगळंच ठप्प. ॲनीडेस्क (लांबून दुसरा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) लावून बघितलं, पण त्याला दुकानातलं मशीन चालू पाहिजे आणि दाजी तर रात्री जाताना मेन स्विच पाडूनच जातात, ती सवय आता कोण मोडणार.

ब्रॉडबँडवाल्याला विचारलं की बाहेरून आमच्या मशीनवर येता येईल का, तर तो म्हणाला तुम्हाला पब्लिक आयपीच नाही, म्हणजे बाहेरून दिसेल असा इंटरनेटवरचा स्वतःचा पत्ताच नाही. हे तुम्हाला घरीच तपासता येतं, राऊटरच्या पानावर जो वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) दिसतो तो १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असला तर तुमचं कनेक्शन सीजीनॅटच्या मागं आहे, म्हणजे एकच आयपी कितीतरी घरांत वाटलेला, बाहेरून तुमच्यापर्यंत थेट कुणी येऊच शकत नाही. स्टॅटिक, म्हणजे न बदलणाऱ्या आयपीचे वेगळे पैसे आणि वरून मशीन चोवीस तास चालू ठेवायचं. त्यापेक्षा भाच्याचं म्हणणं, मामा, क्लाऊडवर एक सर्व्हर भाड्यानं घ्या, म्हणजे कंपनीच्या जागेत चालू असलेलं, इंटरनेटवरून वापरायचं मशीन. मी सेलूला असतो, शिक्षण कॉमर्सचं, कॉम्प्युटर म्हणजे टॅली आणि एक्सेल. भाचा परीक्षेत अडकलेला, म्हणून काम माझ्या गळ्यात आलं. ऑगस्टच्या सुरुवातीला हात घातला आणि सोयाबीन यायच्या आत संपवायचं ठरवलं.

दाजींना समजावणं हाच पहिला टप्पा.

"ते मशीन राहतंय कुठं?"

"मुंबईत, दाजी."

"आपला हिशोब मुंबईला कशाला ठुवायचा? जाऊन बघता येतंय का?"

जाऊन बघता येत नाही, आत पण घेत नाहीत, असं सांगितल्यावर ते गप्प बसले, हो पण म्हणाले नाहीत आणि नाही पण म्हणाले नाहीत. आमच्याकडं ह्याला परवानगी म्हणतात.

जागा निवडताना एवढंच बघितलं की मशीन भारतात असावं, लांब असलं की प्रत्येक क्लिकला उशीर लागतो. मोठ्या कंपन्यांची डेटा सेंटर आता इथंच आहेत, मायक्रोसॉफ्टचं पुण्यात २०१५ पासून, ॲमेझॉनचं मुंबईत २०१६ पासून, गूगलचं मुंबईत २०१७ पासून, डिजिटलओशनचं बंगळूरला. शिवाय भारतीय कंपन्या आहेतच. फुकटच्या ऑफर पण भरपूर दिसतात, पण बहुतेकांना मुदत असते आणि कार्ड आधी द्यावं लागतं. किमती लावून बघताना आयपी पत्त्याचे पैसे धरलेत का ते बघत जा, ॲमेझॉन १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ ला तासाला ०.००५ डॉलर लावतं, दिसायला काहीच नाही पण महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर जातं. मशीन स्वस्त आणि पत्ता महाग अशी गत.

आधी एका परदेशी कंपनीत खातं काढायला गेलो (नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांचा दोष किती आणि आमच्या बँकेचा किती हे मलाच नीट कळलेलं नाही). कार्ड टाकलं की डिक्लाइन. दुसरं टाकलं, ते पण डिक्लाइन. कस्टमर केअरला फोन केल्यावर कळलं की १६ मार्च २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणं नवीन कार्ड आलं की ते फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतं चालू असतं, ऑनलाइन आणि इंटरनॅशनल आपण स्वतः चालू करायचं. ॲपमध्ये ते बटण होतं, दाबलं की गोल फिरत बसायचं. शाखेत गेलो तर अर्ज लिहून मागितला, अर्जावर सही घेणारे साहेब रजेवर. पोळा जवळ आलेला, गावाकडं जायचं होतं, म्हटलं सोडा हे डॉलरचं झेंगट. शिवाय दर महिन्याला आपोआप पैसे कापायचे म्हणजे ई-मँडेट (बँकेला आधीच द्यायची कायमची परवानगी) आलं, ते वेगळंच.

मग एक भारतीय कंपनी धरली जी यूपीआयनं वॉलेट रिचार्ज घेते. जितके भरले तितकेच जातात, हे दाजींनाही पटलं.

इथं खातं दोन मिनिटांत निघालं पण मशीन बनवायच्या बटणावर कुलूप, आधी केवायसी. ह्याचा राग येतो पण त्याला कारण आहे, सर्ट-इन म्हणून केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था आहे, तिनं २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की डेटा सेंटर आणि व्हीपीएस (असे भाड्याचे सर्व्हर) देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, दिलेला आयपी आणि सर्व्हर कशासाठी घेतला हे सगळं तपासून पाच वर्षं जपून ठेवायचं. म्हणून ते 'पर्पज ऑफ यूज' विचारतात, त्यात घाबरायचं काही नाही, मी सरळ लिहिलं की धान्याच्या आडत दुकानाचा हिशोब.

खातं दाजींच्या फर्मच्या नावानं हवं होतं म्हणजे जीएसटीचं बिल फर्मच्या नावानं निघेल. पॅन दिलं. पत्त्याचा पुरावा म्हणून दुकानाचं लाईट बिल दिलं, तर मीटर अजून दाजींच्या वडिलांच्या नावावर, रिजेक्ट. मग बाजार समितीचं आडत्याचं लायसन चढवलं, आमच्या हिशोबानं ह्याच्यापेक्षा मोठा कागद मोंढ्यात नाही. दोन-तीन दिवसांनी तिकडून मेल, हा कागद कशाचा आहे आणि इंग्रजीत आहे का. आता मोंढ्यातलं लायसन इंग्रजीत कोण देणार. मी मेलला उत्तर लिहिलं, चॅटवर बोललो, समोरच्याला आडत्या म्हणजे काय हेच माहीत नव्हतं, शेवटी 'कमिशन एजंट' लिहिल्यावर थोडं हललं पण कागद काही चालला नाही. चाललं ते उद्यम सर्टिफिकेट, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचं. ते ऑनलाइन फुकट निघतं, इंग्रजीत असतं, त्यावर फर्मचं नाव आणि पत्ता दोन्ही असतात. तुमचा धंदा छोटा असला तर बाकी कागदांच्या नादी न लागता पहिल्यांदा तेच चढवा. आणि पैसे भरायच्या आधी प्रोफाइलमध्ये जीएसटी नंबर टाका, बिल एकदा बिगर नंबरचं निघालं की दुरुस्त करून घ्यायला मेलामेली होते आणि मग सीए आपल्यावर चिडतो.

ह्या सगळ्यात गणपती येऊन गेले. घरी महालक्ष्म्या, पाहुणे, मी मधूनमधून मोबाइलवर मेल बघायचो आणि ताई विचारायची, झालं का तुमचं मुंबईचं? १७ सप्टेंबरला शाळेत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन करून घरी आलो आणि 'व्हेरिफाइड' असा मेल आलेला.

मशीन बनवणं मात्र खरंच पाच मिनिटांचं काम निघालं. एक कोअर, दोन जीबी रॅम, चाळीस जीबी डिस्क, महिन्याला ५०० अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ५९०. ऑपरेटिंग सिस्टिम निवडताना दाजींचा आग्रह विंडोजचा, म्हणजे स्क्रीन दिसेल, आयकॉन दिसतील. त्याचं लायसन वेगळं आणि दोन जीबीत ते रांगतंच. उबंटू २४.०४ (लिनक्सचा एक प्रकार) घेतलं, एलटीएस म्हणजे लांब मुदतीचं आहे, एप्रिल २०२४ ला आलंय आणि २०२९ पर्यंत त्याला फुकट सिक्युरिटी अपडेट आहेत. चित्र नाही, फक्त काळी स्क्रीन आणि अक्षरं. पण हिशोब ब्राउझरमध्येच दिसणार आहे, सर्व्हरला चित्र काय करायचंय.

पुढचा प्रश्न, सर्व्हरवर लॉगिन पासवर्डनं करायचं का 'की'नं, म्हणजे पासवर्डच्या जागी चालणाऱ्या दोन फायलींच्या जोडीनं. भाचा म्हणाला 'की'च. माझ्या लॅपटॉपवर विंडोज ११, त्यात एसएसएच (लांबच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं साधन) आधीपासून असतं, विंडोज १० मध्ये पण २०१८ पासून आहे, त्यामुळं त्यासाठी पुट्टी नावाचं सॉफ्टवेअर डाऊनलोड करायची गरज पडली नाही. पॉवरशेल उघडून एसएसएच-कीजेन चालवलं, प्रकार ईडी२५५१९ दिला, दोन फायली तयार झाल्या. नावाच्या शेवटी पब असलेली फाईल म्हणजे जगाला द्यायची, ती नोटपॅडमध्ये उघडून कंपनीच्या पॅनेलवर (वेबसाइटवरच्या आपल्या खात्यात) पेस्ट केली. दुसरी आपल्याजवळच ठेवायची, व्हॉट्सॲपवर पाठवायची नाही, भाच्यालासुद्धा नाही. त्याला यायचं असेल तर त्यानं त्याची जोडी बनवावी आणि त्याची पब फाईल आपण सर्व्हरवर जोडावी, एका सर्व्हरवर पाहिजे तितक्या जणांच्या चालतात, एका ओळीवर एक.

मग तो क्षण. एसएसएच, स्पेस, युजर, ॲट, आयपी, एंटर. आणि काहीच नाही. कर्सर नुसता लुकलुकतोय. बऱ्याच वेळानं 'कनेक्शन टाइम्ड आऊट'. मला वाटलं आपली 'की'च खराब झाली, लगेच नवीन बनवायला निघालो होतो, तेवढ्यात भाच्याचा फोन.

"मामा, काय काय केलं ते सांगू नका, कोणता मेसेज आलाय तेवढा वाचून दाखवा."

वाचला. तो म्हणाला, "मग कीला हात लावू नका. तुम्ही अजून मशीनपर्यंत पोचलेलाच नाहीत."

हे एक वाक्य मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो. टाइम्ड आऊट म्हणजे तुमचा निरोप मधेच कुठंतरी गिळला गेला, बहुतेक वेळा फायरवॉलनं (येणारं-जाणारं अडवणारा पहारा), नाहीतर आयपी चुकलाय किंवा मशीन बंद आहे. कनेक्शन रिफ्यूज्ड म्हणजे निरोप मशीनपर्यंत गेला पण त्या पोर्टवर (मशीनच्या नंबर दिलेल्या दारावर) ऐकणारं कुणी नाही, एसएसएचची सर्व्हिस बंद असेल किंवा पोर्ट वेगळा असेल. परमिशन डिनाइड, पब्लिककी असं आलं तर आनंद माना, मशीन सापडलं, तुमच्याशी बोललं, फक्त तुमची की किंवा युजरचं नाव त्याला पटलं नाही. युजरचं नाव प्रत्येक कंपनीत वेगळं, कुठं रूट (सगळे अधिकार असलेला मुख्य युजर) असतं, कुठं उबंटू, पॅनेलवर लिहिलेलं असतं. तीन मेसेज, तीन वेगळी ठिकाणं, आणि लोक तिन्हीला एकच औषध करतात, 'की' परत बनवतात.

आमच्या केसमध्ये फायरवॉलच होती. कंपनीच्या पॅनेलवर मशीनच्या बाहेरची एक वेगळी फायरवॉल असते, तिच्यात आत येणारं सगळं बंद. इनबाउंड रूल जोडला, टीसीपी, पोर्ट २२ (एसएसएचचा नेहमीचा), सोर्समध्ये 'माय आयपी' असा पर्याय होता तो दिला. परत एंटर. ह्यावेळी लगेच उत्तर, ह्या मशीनची ओळख खात्रीशीर पटत नाही, फिंगरप्रिंट अमुक अमुक, पुढं जायचं का. पहिल्यांदा हे येतंच. पॅनेलच्या कन्सोलवर तोच फिंगरप्रिंट दाखवतात, जुळवून घ्या. आणि नुसतं वाय दाबून चालत नाही, येस पूर्ण लिहावं लागतं, नाहीतर तो तोच प्रश्न परत विचारतो. लिहिलं, आणि 'वेलकम टू उबंटू'. खाली हिरव्या अक्षरांत मशीनचं नाव. रात्रीचे साडेअकरा झालेले, बाहेर पाऊस, घरात सगळे झोपलेले, कुणाला सांगावं कळेना म्हणून दाजींना फोटो पाठवला. त्यांचा सकाळी रिप्लाय, "हे काय हाय?"

दुसऱ्या दिवशी परत टाइम्ड आऊट. ह्यावेळी मात्र कुठं बघायचं ते माहीत होतं. रात्री लाईट जाऊन आली, राऊटर बंद-चालू झाला, आमचा बाहेरचा आयपी बदलला आणि फायरवॉलला तर कालचाच माहीत. आपल्याकडं ब्रॉडबँड असो का मोबाइलचं नेट, हे होणारच. अशा वेळी पॅनेलवरचा वेब कन्सोल कामाला येतो, आमच्या कंपनीचा तो एसएसएचवर चालत नाही त्यामुळं २२ बंद असलं तरी उघडतो. मी शेवटी २२ सगळ्यांना उघडं ठेवलं, पण त्याच्या बदल्यात पासवर्डनं लॉगिन पूर्ण बंद केलं. ज्यांच्याकडं कायमचा स्टॅटिक आयपी आहे त्यांनी मात्र तेवढाच ठेवावा.

पासवर्डचं लॉगिन बंद करताना एक गोम आहे. सगळीकडं लिहिलेलं असतं की एसएसएचडी कॉन्फिग फाईलमध्ये पासवर्ड ऑथेंटिकेशन नो करा आणि सर्व्हिस रिस्टार्ट करा. केलं. भाच्यानं त्याच्याकडून तपासलं तर सर्व्हर अजून पासवर्ड मागतोय. कारण त्याच्या बाजूला एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी नावाचं फोल्डर असतं, त्यात ५०-क्लाऊड-इनिट नावाची छोटी फाईल, तिच्यात येस लिहिलेलं, आणि ती आधी वाचली जाते. एसएसएचमध्ये जे पहिल्यांदा वाचलं तेच धरतात. तिथं नो केल्यावर झालं. हे करताना चालू असलेली विंडो बंद करू नका, दुसरी विंडो उघडून त्यातून लॉगिन होतंय का बघा आणि मगच पहिली सोडा. तसंच उबंटूची स्वतःची फायरवॉल, यूएफडब्ल्यू, चालू करायच्या आधी ओपनएसएसएचला परवानगी द्या, उलट्या क्रमानं केलं तर आपणच बाहेर.

रूटच्या ऐवजी वेगळा युजर काढला, त्याला सुडोचे, म्हणजे गरजेपुरतं रूटसारखं काम करायचे अधिकार दिले. त्या रविवारी दाजी सेलूला आले होते, शेजारी बसून बघत होते. सुडोचा पासवर्ड टाईप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, चांदण्या पण नाही, तर ते म्हणाले, "कीबोर्ड गेलाय तुझा." गेलेला नाही, ते तसंच असतं, टाईप करा आणि एंटर मारा.

मग त्यांना ऑथ लॉग (लॉगिनच्या प्रयत्नांची नोंद) दाखवला. मशीनचा पत्ता कुणालाही दिलेला नाही, त्यावर अजून काही ठेवलेलं नाही, तरी ओळीमागून ओळ पडायलेली, कुणीतरी रूट नावानं यायला बघतंय, मग ॲडमिन, मग टेस्ट, मग ओरॅकल, पोस्टग्रेस, आयपी कुठले कुठले. मी जरा घाबरलोच होतो. दाजी शांत.

"मोंढ्यात रात्री शटर हलवून बघणारे अस्तेत की. कुलूप हाय ना?"

कुलूप आहे. वर फेलटूबॅन पण टाकलं, ते ठरावीक वेळा चुकलेल्या आयपीला काही वेळ बाहेर ठेवतं. पासवर्ड बंद असल्यावर त्याची तेवढी गरज नाही, पण लॉग जरा स्वच्छ राहतो.

सॉफ्टवेअर चढवणं, डेटाबेस, डोमेन हे भाच्यानं त्याच्या होस्टेलवरून केलं, परीक्षा संपली होती. डोमेनचे वर्षाचे हजाराच्या आत गेले, एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं फुकट, नव्वद दिवसांचं असतं पण सर्टबॉट ते आपोआप वाढवत राहतं. माझ्या वाट्याला दोन गोष्टी आल्या. एक घड्याळ. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, त्यामुळं रात्री बाराला लावलेला दिवसाचा हिशोब पहाटे साडेपाचला बंद होत होता. टाइमडेटसीटीएल कमांडनं एशिया-कोलकाता केलं. दुसरी, अपडेट चालू असताना कनेक्शन तुटणं. मी तपोवननं परभणीला निघालो होतो, मोबाइलवर टर्मक्स ॲपमधून सर्व्हरवर गेलो, अपग्रेड लावलं आणि वाटेत रेंज गेली. पण आधी सर्व्हरवर टीमक्स (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) चालू करून त्यात काम लावलेलं होतं, परभणीला उतरून टीमक्स अटॅच केलं तर काम संपून प्रॉम्प्ट माझी वाट बघत थांबलेला. लांबचं कुठलंही काम टीमक्समध्येच लावा, आपल्याकडच्या नेटवर तर नक्कीच.

बॅकअपचं, कंपनीच्या स्नॅपशॉटचे (पूर्ण मशीनच्या नकलेचे) वेगळे पैसे लागतात. आम्ही रोजच्या डेटाबेसची फाईल एससीपीनं (एसएसएचवरून फाईल कॉपी करायची कमांड) दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ओढतो, सकाळी मुनीमकाका मशीन चालू करतात तेव्हा. एकदा ती फाईल दुसरीकडं उघडून खरंच सगळ्या पट्ट्या दिसतात का ते तपासलंय, तुम्हीही तपासा, न तपासलेला बॅकअप असून नसल्यासारखा.

दसऱ्याच्या आत मानवतचा काटा त्याच्यावर चालू झाला. मुनीमकाकांना एसएसएच वगैरे काही दिलेलं नाही, ब्राउझर आणि त्यांचा पासवर्ड, बस. सोयाबीनची गाडी मानवतला मापली की परभणीला आकडा दिसतो, आणि दाजी अजून पण फोन करून खात्री करतात, ते करू द्यावं.

राहिलं बिलाचं. भाच्यानं सरावाला एक छोटं मशीन काढलं होतं, ते शटडाऊन करून ठेवलं तरी वॉलेटमधून रोज पैसे जातच होते. कारण बंद मशीनची डिस्क आणि आयपी आपल्या नावावर अडकलेलेच राहतात, बऱ्याच कंपन्यांत असंच आहे, पैसे थांबवायचे तर मशीन डिलीटच करावं लागतं. आणि वॉलेट संपत आल्याचे मेल जायचे दाजींच्या जीमेलवर, जे कुणीच उघडत नाही. तिथं माझा मेल आणि मोबाइल टाकून घेतला आणि सीझनपुरते तीन महिन्यांचे १७७० एकदम भरून ठेवले. वॉलेट शून्यावर गेल्यावर किती दिवसांनी मशीन डेटासकट पुसतात हे त्यांच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं, बारीक अक्षरात आहे, पण खातं काढायच्या दिवशीच ते कलम शोधून वाचा आणि ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.